घाटमाथ्यावरचा शंभर लिटर समुद्र

महाविद्यालयात मी तेहतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. त्यातल्या प्रत्येक वर्षी, पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एकदा तरी स्क्विला यायचा. फॉर्मॅलिनच्या बरणीतून काढलेला, पिवळट पडलेला, काडीसारखा ताठ. मुले चिमट्याने त्याची उपांगे एकेक करून सुटी करत आणि पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवत. डोक्याच्या पाच जोड्या, छातीच्या आठ, पोटाच्या सहा, एकूण एकोणीस. खाली नावे लिहिली, माझी सही झाली, की दहापैकी आठ गुण नक्की. एका वर्षी एका मुलीने चिमटा खाली ठेवून विचारले, "सर, हा जिवंत असताना काय करतो?" बिळात राहतो आणि दबा धरून शिकार करतो, असे पुस्तकातले उत्तर मी दिले. तिने पुढे विचारले, "तुम्ही पाहिलाय?" मी पाहिला नव्हता. त्या दिवशी मी घड्याळाकडे पाहून तास आवरता घेतला.

निवृत्तीनंतर लोणावळ्यात राहायला आलो आणि ते उत्तर शोधायची संधी अनपेक्षितपणे दारात आली. मावळात समुद्र नाही, पण समुद्राची माणसे इथे दरवर्षी येतात. कार्ल्याची एकवीरा ही आगरी-कोळ्यांची कुलस्वामिनी. चैत्रातल्या यात्रेला आणि नवरात्रात अलिबागपासून मुंबईपर्यंतच्या कोळीवाड्यांतून पालख्या येतात, आणि दोन-चार दिवस कार्ल्याच्या डोंगरावर बँडच्या तालात दर्याची भाषा ऐकू येते. अलिबागकडचे एक नाखवा आमच्या जुन्या ओळखीचे. यात्रेला आले की आमच्याकडे चहाला येतात. बोलता बोलता मी त्यांना स्क्विलाचे चित्र दाखवले. ते हसले. "मास्तर, ह्यो तर डोलीत रोज येतो. आम्ही खताला टाकतो. काट्याचा लय वाईट, बोटात घुसला की ठणकतो." मग म्हणाले, "जिता पायजे का? पुढल्या खेपेला आणतो."

इथे थोडा खुलासा करायला हवा. इंग्रजी वाचणारे ज्याला मॅन्टिस श्रिंप म्हणतात तो हा प्राणी. पुढचे दोन मोठे पाय प्रार्थनाकीटकासारखे घडी घालून छातीशी धरलेले असतात, म्हणून 'मॅन्टिस'. पण तो कीटकही नाही आणि कोळंबीही नाही. कोळंबी, शेवंड, खेकडे हे दशपाद. स्क्विला ज्या गणात येतो तो स्टोमॅटोपोडा. या दोन घराण्यांची फारकत होऊन पस्तीस-चाळीस कोटी वर्षे झाली असावीत. कोळंबीचे कल्ले छातीच्या कवचाखाली झाकलेले असतात, स्क्विलाचे पोटाखालच्या पोहण्याच्या पायांवर झुलतात. म्हणून हे पाय हलायचे थांबले की त्याचा श्वासही थांबतो. बरणीतला प्राणी पाहून हे पाठ होते, पण पटत नाही. आपल्या किनाऱ्यावर विपुल सापडणारी जात म्हणजे नेपा. तिचे आडनाव शास्त्रज्ञांनी वारंवार बदलले. आम्ही शिकलो तेव्हा ती स्क्विला होती, शिकवू लागलो तेव्हा ओरॅटोस्क्विला, आणि २०१३पासून ती मियाकेला आहे. हिंदी-प्रशांत महासागरातल्या या गणावरचा पायाभूत ग्रंथ स्टॅन्ली केम्प यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसून लिहिला आणि तो १९१३ साली प्रसिद्ध झाला. केम्प यांच्यासमोरचे बहुतेक नमुनेही माझ्यासारखेच, बरणीतले.

नाखवांचा शब्द खोटा ठरणार नाही हे ठाऊक होते, म्हणून मी माघातच तयारीला लागलो. सहाशे मीटर उंचीवर समुद्र तयार करणे तसे सोपे आहे. एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार. पण साधे मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे सगळे प्रमाणात असलेले मत्स्यालयाचे मीठ लागते. शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो गेले. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे लागते. तळाशी वीत-दीड वीत बारीक वाळू टाकली, कारण हा चिखलात बीळ करून राहणारा प्राणी. वाळूत प्लास्टिकच्या नळीचा एक वाकवलेला तुकडा पुरला, म्हणजे भिंत ढासळली तरी बीळ राहील. हौशी लोक अशा टाकीत प्रवाळाचे दगड ठेवतात. मी ठेवले नाहीत. आपल्याकडे खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शोभेसाठी असा दगड बाळगणे म्हणजे वाघाचे कातडे बाळगण्याच्या रांगेतला गुन्हा. माझ्या टाकीत आडोशाला मंगलोरी कौलाचे दोन तुकडे होते.

खरा वेळ जातो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीत. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. या दोन वसाहती वाळूत आणि गाळणीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी स्वच्छ दिसते आणि विषारी असते. मी तिच्यात एक मेलेली कोळंबी टाकून ठेवली आणि रोज पाण्याची तपासणी करत बसलो. पत्नीने विचारले, "रिकाम्या टाकीत काय बघता?" मी म्हटले, "वर्ग भरायची वाट बघतोय."

चैत्रात नाखवा बादली घेऊन आले. तीन तासांच्या प्रवासात पाचांपैकी चार मेले होते. पाचवा तळाशी पाय हलवत होता. तासभर थेंब थेंब टाकीचे पाणी बादलीत मिसळले आणि मग त्याला सोडला. पंधरा मिनिटे तो कौलाआड पडून राहिला. मग शेपटीकडचा पंखा फिरवून वाळूत शिरला आणि दोन दिवस दिसला नाही.

तिसऱ्या रात्री बिळाच्या तोंडाशी डोळे दिसले. बरणीत हे डोळे दुधी गोळ्यांसारखे असतात. जिवंतपणी ते हिरवट, चकाकणारे, आणि दोन्ही वेगवेगळे फिरणारे. एक माझ्याकडे, एक कोळंबीच्या तुकड्याकडे. नातू सुटीला आला होता. त्याने कुठेतरी वाचले होते, "आजोबा, याला आपल्यापेक्षा चौपट रंग दिसतात." गोष्ट प्रसिद्ध आहे, पण ती सगळ्या घराण्याची नाही. उष्ण समुद्रातल्या प्रवाळात राहणाऱ्या रंगीत जातींच्या डोळ्यांत मधोमध सहा ओळींचा पट्टा असतो आणि त्यात रंगांसाठी बारा प्रकारचे ग्राहक असतात, माणसाकडे तीन. आमच्या स्क्विलाच्या कुळात हा पट्टा दोनच ओळींचा असतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या नातेवाइकाच्या डोळ्यात तर प्रकाश टिपणारे रंगद्रव्य एकाच प्रकारचे आढळले आहे. गढूळ पाण्यात, रात्री हिंडणाऱ्याला रंग कशाला हवेत? आणि बारा ग्राहकवाल्यांचीही २०१४ साली परीक्षा झाली, तेव्हा जवळजवळच्या छटा ओळखण्यात ते माणसापेक्षा पुष्कळ मागे पडले. ते रंगांची बारीक तुलना करत बसत नसावेत. कोणता ग्राहक किती चाळवला यावरून झटकन ओळखत असावेत, असा तर्क आहे. नातू हिरमुसला. मग मी त्याला सांगितले, की या डोळ्याचा वरचा आणि खालचा भाग एकाच जागेकडे पाहतो. म्हणून आपल्याला जे अंतर कळायला दोन डोळे लागतात, ते याला एकाच डोळ्याने कळते. नातवाने एक डोळा झाकून पेन्सिलींची टोके एकमेकींना लावायचा प्रयत्न केला आणि त्याला ते पटले.

ठोशाबद्दलही असाच गैरसमज आहे. या गणाचे ढोबळ दोन पंथ: हातोडेवाले आणि भालेवाले. हातोडेवाले शिंपले फोडतात. मोरपंखी जातीच्या ठोशाचा वेग सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत मोजला गेला आहे, तो २००४ साली. नुसत्या स्नायूने इतका वेग येत नाही. पायाच्या सांध्यात खोगिराच्या आकाराची एक कमान असते. स्नायू ती हळूहळू ताणतो, खिटी तिला अडवून धरते आणि खिटी सुटली की धनुष्य सुटावे तसा पाय सुटतो. आघात इतका जलद, की पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि शिकारीला दुसरा तडाखा बसतो. जाड काचही तडकल्याच्या कथा आहेत त्या या पंथाच्या. माझा पाहुणा भालेवाला. त्याच्या नांगीच्या शेवटच्या पेरावर सहा काटे. भालेवाल्यांचा मोजलेला वेग सेकंदाला दोन ते सहा मीटर. त्यांना कवच फोडायचे नसते. जवळून जाणाऱ्या मऊ शिकारीला टोचून ओढायचे असते. मी चिमट्याने कोळंबी धरली की ती चिमट्यातून नाहीशी व्हायची. पाय हललेला मला कधीच दिसला नाही. दिसायचा तो वाळूचा उडालेला धुरळा. पुठ्ठ्यावर ज्याला आम्ही 'दुसरे जंभपाद' असे लेबल लावायचो, ते हे.

आषाढात लोणावळ्याचा पाऊस कसा असतो हे मावळच्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात टाकीतले पाणी रोज अर्धा-पाऊण लिटर उडायचे, क्षार मागे राहायचे, म्हणून गोडे पाणी भरावे लागायचे. आषाढात एक थेंब उडत नव्हता. घरातले कपडेच वाळत नव्हते, तर टाकी काय वाळणार? त्याच दिवसांत तारांवर झाड पडले आणि वीज गेली ती छत्तीस तास. हवेचा बॅटरीवरचा पंप रात्री साडेअकराला थांबला. प्रवाह थांबला की प्राण्याला प्राणवायू मिळत नाही आणि गाळणीतले जिवाणूही मरू लागतात, म्हणजे वाचला तरी पुढे विषाने मरायचा. मी तांब्याने पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतू लागलो. दर दहा मिनिटांनी पन्नास तांबे. दोन वाजता पत्नी उठून आली, "व्हा बाजूला," म्हणाली आणि पदर खोचून तिने तांब्या घेतला. मेणबत्तीच्या उजेडात बिळाच्या तोंडाशी ते पोटाखालचे पाय एका लयीत हलताना आम्ही पहाटेपर्यंत पाहिले. श्वास असा असतो, हे तेव्हा कळले.

तो जगला. श्रावणात आठवडाभर बिळातून बाहेर आला नाही आणि मग एका सकाळी बिळाबाहेर त्याची कात पडलेली सापडली. काचेसारखी पारदर्शक, डोळ्यांच्या आवरणासकट. भिंगाखाली मोजली: एकोणीस जोड्या, एकही न तुटता. जो पुठ्ठा करायला मुलांना दोन तास लागत, तो त्याने स्वतःच करून दिला होता.

नवरात्रात नाखवा पुन्हा आले. टाकीपुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, आता बगून झाला ना? द्या, नेऊन सोडतो. ज्या पाण्यातला, त्या पाण्यात." मी त्यांना नियम सांगितला: मत्स्यालयातला प्राणी परत निसर्गात सोडू नये, परके रोग पसरतात. नियम खरा आहे. परदेशी प्राण्यांना तर तो काटेकोर लागू आहे. पण माझ्या टाकीत दुसरा कुठलाही प्राणी कधी आलाच नव्हता. खायला दिले तेही त्याच किनाऱ्यावरचे. मला तो हवा होता, एवढेच त्या नियमामागे होते. नाखवांनी वाद घातला नाही. चहा संपवला आणि पालखीबरोबर गेले.

माघात पुन्हा कात टाकताना तो अडकला. जुने कवच अर्धे सुटले, अर्धे नाही. अशा वेळी हात लावला तर मऊ शरीर फाटते, म्हणून पाहत बसण्यावाचून उपाय नव्हता. पोटाखालचे पाय दुपारपर्यंत हलत होते. हिवाळ्यातली थंडी कारण झाली, की पाण्यात एखादा क्षार कमी पडला, की शंभर लिटर हे कुठल्याही समुद्राला कमीच असतात, हे मला ठरवता आले नाही. दहा महिने तो आमच्याकडे होता.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यात आहे. लोणावळ्यात पडलेला पाऊस एरवी इंद्रायणीतून भीमेला आणि कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचा. वळवणच्या धरणात अडवलेले पाणी मात्र १९१५पासून खोपोलीच्या वीजघरातून खाली उतरते आणि पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे, नाखवांच्या समुद्राकडे जाते. घाटमाथ्यावरून खाली जायची वाट पाण्यालासुद्धा होती.

या चैत्रात नाखवांनी विचारले, "दुसरा आणू का?" मी नको म्हटले. दिवाळीनंतर त्यांच्या होडीवर जायचे ठरले आहे. डोलीतून बाहेर पडलेला स्क्विला फळीवर कसा उसळतो, आणि परत पाण्यात टाकल्यावर कोणत्या दिशेने जातो, ते पाहायचे आहे. श्रावणातली ती कात मी महाविद्यालयाला दिली. पुठ्ठ्यावर एकोणीस नावे आहेत. त्यांखाली मी एक ओळ जास्तीची लिहिली आहे: जिवंत पाहिला, लोणावळा, चैत्र ते माघ.