प्रस्थापित मुष्टियोद्ध्याची शैली आणि नवा शिक्षक

एखाद्या नामांकित मुष्टियोद्ध्याचा मोठ्या सामन्यात पराभव झाला, की काही महिन्यांच्या आत त्याने शिक्षक बदलल्याची वार्ता बहुधा कानी येते. ही प्रथा इतकी रूढ झाली आहे की तिच्या मुळाशी असलेले गृहीतकृत्य सहसा तपासून पाहिले जात नाही. बालपणापासून अंगी मुरलेली लढण्याची शैली तिशीच्या आसपास नव्या शिक्षकाच्या हातून सुधारता येते, हे ते गृहीतकृत्य होय. ते कितपत खरे आहे, हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांच्या कुतूहलाचा नाही. मुष्टियोद्ध्याच्या उमेदीची वर्षे मोजकी असतात, आणि शैलीचा नवा प्रयोग फसला तर त्याची किंमत डोक्यावर बसणाऱ्या ठोशांनी चुकवावी लागते. अशा वारंवार आघातांचे मेंदूवर होणारे परिणाम हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन वैद्यांनी १९२८ सालीच नोंदवून ठेवले आहेत.

प्रथम ‘शैली’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. सैलपणे वापरल्या जाणाऱ्या या एका शब्दात निदान तीन भिन्न गोष्टींचा समावेश होतो. पहिली म्हणजे योजना: कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी किती अंतरावरून व कोणत्या गतीने लढावयाचे हा निर्णय. दुसरी म्हणजे साधनसंपत्ती: योद्ध्याला सहजगत्या मारता येणारे ठोसे, त्यांच्या जोडण्या व पदन्यासाचे प्रकार. तिसरी म्हणजे प्रतिक्षेप: ठोसा येत आहे असे दिसताच, अथवा तो बसल्यानंतर, विचाराला अवसर न देता शरीर जी हालचाल करते ती. योजना एका सामन्यापुरतीही बदलता येते. साधनसंपत्तीत भर घालण्यास वर्षे लागतात. प्रतिक्षेप मात्र सर्वांत चिवट असतात.

ही चढती भाजणी भाषाभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. प्रौढ वयात परभाषा शिकणाऱ्यास नवे शब्द लवकर येतात, वाक्यरचना त्याहून सावकाश साधते आणि उच्चार बहुधा अखेरपर्यंत मातृभाषेच्या वळणाचे राहतात. इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असलेला मराठी भाषकही त्या भाषेतील दंतमूलीय व्यंजनाच्या जागी आपला मूर्धन्य ‘ट’ उच्चारतो. त्याला फरक ठाऊक नसतो असे नाही. परंतु जिभेला सवय आधी लागलेली असते व ज्ञान मागाहून येते.

कौशल्य अंगवळणी कसे पडते याचे विवेचन पॉल फिट्स व मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली केले. त्यांच्या मते ही क्रिया तीन अवस्थांतून जाते. आरंभी शिकणारा प्रत्येक हालचाल जाणीवपूर्वक करतो. पुढे हालचाली परस्परांशी जुळू लागतात व चुका कमी होतात. अखेरीस त्या विचारावाचून घडू लागतात. प्रस्थापित मुष्टियोद्धा तिसऱ्या अवस्थेत असतो. त्याची शैली सुधारावयाची म्हणजे त्याला पुन्हा पहिल्या अवस्थेत आणावयाचे. परंतु जो योद्धा हाताची जागा आठवून आठवून ठेवतो, त्याचा हात वेळेवर पोहोचत नाही. म्हणजेच जुनी सवय सुटलेली व नवी न जडलेली असा जो मधला काळ, तो सर्वांत धोक्याचा होय.

लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञांनी १९७२ साली परभाषा शिकणाऱ्यांच्या संदर्भात ‘अश्मीभवना’ची कल्पना मांडली. दुरुस्त झाल्यासारख्या वाटणाऱ्या चुका पुन्हा डोके वर काढतात, आणि विशेषतः बोलणाऱ्याचे लक्ष एखाद्या कठीण विषयात गुंतले असता किंवा तो चिंतेने वा क्षोभाने ग्रासला असता असे घडते, हे त्यांचे निरीक्षण होते. मुष्टियुद्धाचे रिंगण म्हणजे या दोन्ही परिस्थितींचा संगमच म्हटला पाहिजे. तालमीत दिसणारी सुधारणा प्रमाण मानता येत नाही, ती याच कारणाने. जबर ठोसा बसल्यानंतरच्या मिनिटात योद्धा काय करतो, हीच खरी कसोटी.

या कसोटीस उतरलेले उत्तम उदाहरण युक्रेनच्या व्लादिमिर क्लिच्कोचे आहे. १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारा हा उंच योद्धा २००३ च्या मार्चमध्ये कोरी सँडर्सकडून दुसऱ्याच फेरीत पराभूत झाला. त्यानंतर डेट्रॉइटच्या क्रॉंक व्यायामशाळेचा विख्यात शिक्षक इमॅन्युएल स्ट्यूअर्ड याच्याकडे त्याने शिक्षण सुरू केले. आरंभ मात्र अशुभ ठरला: २००४ च्या एप्रिलमध्ये लेमन ब्रूस्टरने त्याला पाचव्या फेरीत हरविले. आरंभीच्या फेऱ्यांत वरचढ असलेला क्लिच्को पुढे थकून कोसळला. वर उल्लेखिलेला मधला काळ तो हाच. स्ट्यूअर्डने त्याला नवे अवघड डाव शिकविण्यापेक्षा उंचीचा व लांब हातांचा उपयोग शिकविला. डाव्या हाताच्या सरळ जॅबने अंतर राखावे, प्रतिस्पर्धी आत शिरलाच तर त्याला मिठी मारून हात जखडावेत, आणि शक्तीचा संचय करावा, असा तो धडा होता. २००५ च्या सप्टेंबरमध्ये सॅम्युएल पीटरने त्याला तीनदा खाली पाडले. तथापि जुन्या घबराटीकडे न वळता त्याने बाराही फेऱ्या काढल्या व गुणांवर विजय मिळविला. पुढे २००६ मध्ये तो पुन्हा विश्वविजेता झाला आणि २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये टायसन फ्यूरीकडून हरेपर्यंत अपराजित राहिला. स्ट्यूअर्ड २०१२ मध्येच निवर्तला होता. म्हणजे शिकवण शिक्षकाच्या पश्चातही टिकली.

स्ट्यूअर्डचाच दुसरा शिष्य ब्रिटनचा लेनॉक्स लुईस. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या फेरीत हरविले, तेव्हा स्ट्यूअर्ड मॅकॉलच्या बाजूला होता. ज्याने आपले वैगुण्य हेरले त्यालाच लुईसने गुरू केले. उजव्या हातावरील अतिविश्वास कमी होऊन त्याचा तोल व जॅब सुधारला, आणि १९९९ मध्ये तो निर्विवाद विजेता झाला. परंतु २००१ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत, अपुऱ्या तयारीनिशी उतरला असता, हसीम रहमानच्या एका ठोशाने त्याला पाचव्या फेरीत गारद केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याने चौथ्या फेरीत परतफेड केली. सुधारलेली शैलीही जोपासावी लागते, असा याचा अर्थ.

फिलिपीन्सच्या मॅनी पॅक्यावचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. २००१ मध्ये तो लॉस एंजेलिसला फ्रेडी रोचकडे आला तेव्हा त्याची भिस्त प्रामुख्याने डाव्या हातावर होती. रोचने तो हात किंवा ती मुसंडी बदलली नाही. उजव्या हाताची जोड मात्र दिली. २००९ च्या मे महिन्यात रिकी हॅटन प्रथम खाली पडला तो उजव्या हुकने. दुसऱ्या फेरीतील अखेरचा ठोसा डाव्या हाताचा होता. येथे जुने टिकून नव्याची भर पडली. आणि त्यास वर्षे लागली.

विरुद्ध बाजूही पाहिली पाहिजे. नसीम हमीद हा शेफील्डमध्ये ब्रेंडन इंगलच्या हाताखाली वयाच्या सातव्या वर्षापासून घडला. हात खाली ठेवून, अनपेक्षित कोनांतून झेप घेत लढणे ही त्याची रीत. १९९८ मध्ये गुरुशिष्यांचा वियोग झाला. पुढे स्ट्यूअर्ड त्याच्या शिक्षकांत होता. तरीही २००१ च्या एप्रिलमध्ये मार्को अँटोनियो बरेराने संयमाने लढून त्याला गुणांवर हरविले. क्लिच्को व लुईस यांना फळलेला शिक्षक येथे तसा फळला नाही. त्या दोघांच्या उंच देहयष्टीला त्याची पद्धत स्वाभाविक होती. हमीदची संपूर्ण शैली प्रतिक्षेपांवर उभी होती व तिच्यातील दोष तिच्या गुणांपासून वेगळे काढण्याजोगे नव्हते.

काही शैली म्हणूनच हात न लावण्यात शहाणपण असते. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेला कॅशियस क्ले, म्हणजेच पुढे मुहंमद अली, हात खाली ठेवी व ठोसा चुकविण्यास मान मागे नेई. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच. अँजेलो डंडीने ते खोडले नाहीत. एखादी गोष्ट सुचवावयाची झाली तर शिष्याने ती आधीच उत्तम केली आहे, अशी तो स्तुती करी. आणि शिष्य ती स्वतःची समजून करू लागे.

या उदाहरणांवरून निष्कर्ष काढताना एक सावधगिरी आवश्यक आहे. शिक्षक बहुधा पराभवानंतर, म्हणजे योद्ध्याच्या उतरत्या क्षणी बदलला जातो. त्यानंतर काही सुधारणा आपोआपच होणे संभवते. शिवाय पुढचे प्रतिस्पर्धी पुष्कळदा सौम्य निवडलेले असतात. म्हणून एका विजयाचे श्रेय नव्या शिक्षकास देणे घाईचे ठरते. तीच लकब अनेक सामन्यांत, निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे आणि संकटातही दिसली, तरच शैली बदलली असे म्हणता येईल.

तात्पर्य, नवा शिक्षक प्रस्थापित मुष्टियोद्ध्याची शैली सुधारू शकतो, पण ती नव्याने निर्माण करू शकत नाही. योजना तो लवकर बदलतो, साधनसंपत्तीत धीराने भर घालतो. प्रतिक्षेपांच्या बाबतीत मात्र, त्यांची गरजच कमी पडावी अशा अंतरावर शिष्याला उभे करणे, हाच त्याला मोकळा असलेला खात्रीचा मार्ग होय. क्लिच्कोची घबराट नाहीशी झाली असे नव्हे. ती जागी होण्याचे प्रसंग कमी झाले. पराभूत योद्ध्याने शिक्षक निवडताना त्याची कीर्ती पाहण्यापूर्वी, आपल्या देहाला व सवयींना त्याची पद्धत मानवेल काय, हे पाहिले पाहिजे. तसेच मधला काळ सौम्य प्रतिस्पर्ध्यांपुढे व पुरेशा अवधीने काढण्याची त्याची तयारी हवी. ती नसेल, तर जुन्या शैलीतील वैगुण्ये ओळखून लढणे हेच कमी धोक्याचे ठरेल.