स्प्लॅशवर अडकलेली गाडी

विंडोज नवं झालं, स्क्रीन चकाचक झाला. पण गावाकडच्या दुकानातलं जुनं सॉफ्टवेअर पहिल्या चित्राच्या पुढे हलायला तयार नाही. घाबरू नका. आणि मुख्य म्हणजे, लगेच 'फॉरमॅट मारू' म्हणू नका!

घरातलं एक पोरगं पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात नोकरीला लागलं, की अख्ख्या खानदानाचा कम्प्युटर त्याच्या गळ्यात पडतो. मग तुम्ही एचआरमध्ये असा, बँकेत असा नाहीतर मार्केटिंगमध्ये. सांगोल्यातल्या काकांच्या लेखी तुम्ही 'कम्प्युटरवाले'. आणि काकांचं डीटीपीचं दुकान असेल तर विचारूच नका. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रांग लागते. वास्तुशांत, जावळ, दुकानाचं उद्घाटन, शिवाय डाळिंबाच्या पेट्यांवरची लेबलं. अशा ऐन सीझनमध्ये फोन येतो : "आरं, ते चित्र येतंय बघ, पण फुडं जाईना!"

'ते चित्र' म्हणजे स्प्लॅश स्क्रीन. सॉफ्टवेअरवर डबल क्लिक केल्यावर मधोमध झळकतं ना, नाव आणि व्हर्जन मिरवणारं, तेच.

असे फोन वाढायला कारणही तसंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्यामुळे ज्यांनी आजवर अपग्रेडला हात लावला नव्हता, त्यांनीही विंडोज ११ ची वाट धरली. मशीन नवं झालं, आत मात्र पेजमेकर, जुनं कोरल ड्रॉ, जुनी श्रीलिपी अशी मंडळी तशीच बसलेली! पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. म्हणजे आज लग्नपत्रिकेवर जिचं नाव छापायचं, ती नवरीसुद्धा तेव्हा एक तर पाळण्यात होती, नाहीतर जन्मलीच नव्हती.

रूळ बदलले, बॉस!

सांगोलेकरांना हा घोटाळा समजावून सांगायची गरजच नाही. त्यांच्या स्टेशनातून १९२७ पासून बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी धावायची. पंढरपूर ते मिरज. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. २०१०-११ च्या सुमारास ही लाइन ब्रॉडगेज झाली आणि अंतर झालं १६७६ मिलिमीटर. स्टेशनचं नाव तेच, गावं तीच. पण जुनं इंजिन कितीही धडधाकट असलं तरी नव्या रुळांवर चढणार कसं?

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड होते तेव्हा हेच होतं. आयकॉन जागेवर असतो, फायली जागेवर असतात, खालचे रूळ मात्र बदललेले असतात. काही जुन्या गाड्या नव्या रुळांवरही निमूट धावतात. काहींची चाकं थोडी सारखी करावी लागतात. आणि काही धावतच नाहीत. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. त्यावर १६-बिटचे जुने प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या काही सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर १६-बिटचा असायचा. त्यामुळे सीडी घालून पुन्हा इन्स्टॉल करायला गेलात तर तिथंच घोडं अडतं.

चित्र आलं, हीच गुड न्यूज

स्प्लॅश स्क्रीन ही नुसती शोभा नव्हे. सॉफ्टवेअर सुरू होताना फॉन्ट, प्लग-इन, प्रिंटर, लायसन्स अशी पलटण गोळा करतं. त्याला वेळ लागतो. तोवर पब्लिकने वैतागून दहा वेळा डबल क्लिक करू नये म्हणून हे चित्र. फोटोशॉपवाल्यांनी तर त्यावर इंजिनिअर मंडळींची नावं दिली. 'सीतारामन नारायणन' हे नाव डीटीपीवाल्या कित्येकांना पाठ असेल. फोटोशॉपच्या टीममधला हा इंजिनिअर केवळ स्प्लॅश स्क्रीनमुळे जगभर फेमस झाला, नेटवर त्याचे फॅन क्लब निघाले!

सांगायचा मुद्दा असा, की चित्र दिसलं याचा अर्थ सॉफ्टवेअर जिवंत आहे. दार उघडलंय, फक्त आत येताना कुणीतरी उंबऱ्यात अडखळलंय. आपलं काम त्याला शोधायचं. अख्खं घर पाडायचं नाही.

आणि इथेच गल्लीतला 'एक्स्पर्ट' घात करतो. 'फॉरमॅट मारू, सगळं ओके होईल!' होत नाही, राव. फॉरमॅट मारल्यावर जुना फॉन्ट जातो, सीरियल नंबर लिहिलेली नोटपॅडची फाइल जाते, डी ड्राइव्ह समजून सी ड्राइव्हवरच ठेवलेला वीस वर्षांचा डेटा जातो. वर ते सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल होईलच याची गॅरंटी नाही. कंपनीने कधीच हात वर केलेले असतात.

मग करायचं काय? फोनवरून काकांना एकेक करून सांगा.

एक, चहा घ्या. अपग्रेडनंतर पहिल्यांदा सुरू होताना काही सॉफ्टवेअर सगळ्या फॉन्टची यादी नव्याने करतात. शेकडो फॉन्ट असतील तर वेळ जातोच. 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून आलं म्हणजे मेलं असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये त्या नावापुढचे आकडे हलत असतील तर पंधरा मिनिटं हात लावू नका.

दोन, चित्रामागे बघा. ही सगळ्यात फसवी गोष्ट! कधीकधी सॉफ्टवेअर 'अमुक फाइल सापडत नाही, ओके?' असं विचारत असतं, पण ती खिडकी स्प्लॅशच्या पाठीमागे दडलेली असते. ऑल्ट-टॅब दाबा. मागचा प्रश्न पुढे आला तर उत्तर द्या. प्रॉब्लेम सॉल्व्ह.

तीन, खालची ओळ वाचा. बऱ्याच स्प्लॅशवर तळाशी बारीक अक्षरांत चालू काम लिहिलेलं असतं. फॉन्ट वाचतोय, प्लग-इन घेतोय, वगैरे. ज्या ओळीवर गाडी थांबली, तिथंच दुखणं. काकांना मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा. निम्मं निदान तिथंच होतं.

चार, प्रिंटर. पानं लावायची जुनी सॉफ्टवेअर सुरू होतानाच डीफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतात. अपग्रेडमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर गेला असेल, किंवा डीफॉल्ट म्हणून बंद पडलेला प्रिंटर बसला असेल, तर ती त्याची वाट बघत राहतात. विंडोजमधला 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करून बघा.

पाच, सेटिंग नव्याने. सॉफ्टवेअर आपल्या आवडीनिवडी एका फाइलमध्ये ठेवतं. ती बिघडली की चित्रावरच मुक्काम. कोरल ड्रॉ सुरू होताना एफ-८ दाबून ठेवा. फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून ठेवा. सेटिंग मूळ पदावर येतं. स्वतः मांडलेले टूलबार आणि शॉर्टकट मात्र जातील, हे काकांना आधीच सांगा. नंतर बोलणी खाऊ नका!

सहा, फॉन्ट निम्मे करा. एखादा खराब फॉन्ट सगळ्यांना वेठीला धरतो. दुकानात बाहेरून टाकलेले हजार फॉन्ट असले तरी टेन्शन नको. (विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टना मात्र हात लावू नका.) निम्मे दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून विंडोजमधून काढा आणि सुरू करून बघा. चाललं? मग चोर बाहेरच्या निम्म्यांत. नाही चाललं? मग आतल्यांत. त्याचे पुन्हा निम्मे. हजारांतला एक खराब फॉन्ट दहा फेऱ्यांत सापडतो.

सात, डोंगल. काही सॉफ्टवेअरना पाठीमागे एक छोटं कुलूप लावावं लागतं. त्याचा ड्रायव्हर जुना असेल तर नवं विंडोज त्याला ओळख देत नाही. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर आत घेतलेच जात नाहीत. ते सुरक्षेसाठी आहे, उगाच बंद करू नका. आधी डोंगलच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर मिळतो का ते बघा.

आठ, जुन्याचं सोंग. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी. तिथे जुनं विंडोज निवडता येतं. विंडोज जुनेपणाचं सोंग घेतं आणि काही सॉफ्टवेअर त्यावर खूश होतात. चित्र फारच बारीक किंवा धूसर दिसत असेल तर तिथलीच हाय डीपीआयची सेटिंग बदला.

एवढं करूनही काही हललं नाही, तर परतीचं तिकीट आहे. अपग्रेडनंतर दहा दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून 'गो बॅक' करता येतं. म्हणून त्या दहा दिवसांत 'जागा मोकळी करतो' म्हणत 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर उडवू नका. त्यातच ते तिकीट ठेवलेलं असतं. मागे जाण्याआधी फायलींची कॉपी मात्र घ्याच.

खरा ऐवज कुठला?

समजा, यातल्या एका उपायाने गाडी सुटली. काकांचा जीव भांड्यात पडला. पत्रिका छापून झाल्या. तुम्हीही हिरो झालात. आता झोपायचं? नाही, खरं काम इथून पुढे आहे.

जुन्या मराठी फॉन्टची एक गंमत आहे. त्यांत मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षराचाच कोड असतो, वर चेहरा तेवढा देवनागरी. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे, आणि विंडोज २००० पासून विंडोजलाही ती कळते. युनिकोडमधला मजकूर फोनवर, मेलवर, उद्याच्या कुठल्याही मशीनवर मराठीच राहतो.

म्हणजे स्प्लॅशवर अडकतं ते फक्त सॉफ्टवेअर नसतं. त्याच्या पाठीमागे दुकानाची वीस वर्षं उभी असतात. कुणाच्या आजोबांच्या श्रद्धांजलीचा मजकूर, गावातल्या मंडळांचे अहवाल, दरवर्षी थोडी तारीख बदलून छापायच्या यात्रेच्या पत्रिका. ते सगळं एका जुन्या सॉफ्टवेअरच्या आणि एका फॉन्टच्या भरवशावर. त्यातलं एक जरी गेलं तरी नव्याने टाइप करायला बसा!

म्हणून सॉफ्टवेअर चालतंय तोवरच सामान हलवा. महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करा, म्हणजे निदान दिसण्यापुरत्या त्या टिकतील. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घ्या. नंतर डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण रफार, जोडाक्षरं आणि आकडे इथंच गडबड करतात आणि पत्रिकेत नवरदेवाच्या नावाचा रफार उडाला तर वऱ्हाड काकांनाच धरणार. फॉन्टच्या फायली, सीरियल नंबर आणि इन्स्टॉलर वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. जुनं मशीन भंगारात न घालता, इंटरनेट काढून, फक्त जुन्या फायली उघडायला ठेवलं तरी चालेल.

एकदम सगळं करायला जाऊ नका. पुढच्या वेळी सांगोल्याला जाल तेव्हा सोबत एक हार्ड डिस्क न्या आणि दुकानात दोन तास बसा. सुरुवात गेल्या वर्षीच्या फायलींपासून करा, कारण गिऱ्हाईक परत येऊन मागतं ते बहुतेकदा तेच. काका कुठली फाइल कुठे आहे ते सांगतील, तुम्ही कॉपी मारा. चहा त्यांच्याकडून!