ट्रॅक्टरमागील ट्रॉली व ब्लोअरची पातळी : तोल, सुरक्षितता आणि फवारणी

बैलगाडी भरताना मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. भार पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे पडते. जुवावर बेताचा दाब राहील अशी गाडी भरणे हे जाणत्या गाडीवानाचे लक्षण मानले जाई. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, तरी दोन चाकांच्या ट्रॉलीला हाच नियम लागू होतो. मात्र ट्रॅक्टर मान हलवून त्रास दाखवत नाही. त्यामुळे बिघडलेला तोल बहुधा चढावर किंवा वळणावरच लक्षात येतो. ओढणीच्या ब्लोअरच्या बाबतीत तर पातळी बिघडल्यास औषधाची मात्राही चुकते.

जोडणीचे दोन प्रकार

देशातील पहिले स्वतंत्र कंटेनर टर्मिनल १९८३ मध्ये चेन्नई (तेव्हाचे मद्रास) बंदरात सुरू झाले. या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर-ट्रेलरच्या पुढील भागाला चाके नसतात. तो भाग ओढणाऱ्या वाहनावरील ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक, या सपाट चकतीवर टेकलेला असतो. घोडागाडीच्या पुढच्या आखावर वळण्यासाठी बसवलेल्या आडव्या चाकावरून हे नाव आले. अमेरिकेत पिकअप वाहनामागे राहण्याचे मोठे ट्रेलर याच पद्धतीने जोडतात आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग जोडणीवर ठेवतात. ही चकती मागील आखाच्या जवळजवळ वर असल्यामुळे एवढा भार वाहनाला पेलतो.

ट्रॅक्टरचा ड्रॉबार मात्र मागील आखाच्या मागे असतो. तेथे पडणारा भार तरफेप्रमाणे काम करून पुढची चाके उचलू पाहतो. उदाहरणार्थ, हुक मागील आखापासून ०.६ मीटर मागे असेल, दोन्ही आखांतील अंतर १.९ मीटर असेल आणि हुकावर ६०० किलो भार असेल, तर पुढच्या चाकांवरील भार सुमारे १९० किलोंनी घटतो. म्हणून भार बेताचाच हवा. पण तो शून्य किंवा उलट दिशेचा होणेही तितकेच घातक आहे. अशी ट्रॉली ट्रॅक्टरचा मागील भाग वर उचलते, मागील चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली झोले घेऊ लागते.

पातळी बदलली की भार सरकतो

समजा, भरलेल्या ट्रॉलीचे वजन ६,००० किलो आहे, हुकापासून तिच्या आखापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे आणि भाराचा मध्य आखाच्या ०.३ मीटर पुढे आहे. अशा वेळी हुकावर ६०० किलो, म्हणजे १० टक्के भार पडतो. भाराचा मध्य आखापेक्षा ०.८ मीटर उंच असेल आणि ट्रॉलीचे तोंड ५ अंशांनी वर उचललेले असेल, तर तो मध्य सुमारे ७ सेंटिमीटर मागे सरकतो व हुकावर जेमतेम ४६० किलो भार उरतो. अशीच ट्रॉली शेतातून रस्त्यावर येणाऱ्या चढावर चढते, तेव्हा हा भार आणखी घटतो. उसाच्या मोळ्या मागे लोंबत असतील, तर गाडी उलाळ होण्यास वेळ लागत नाही.

पातळी कशी तपासावी?

सपाट, पक्क्या जागेवर नेहमीच्या भारासह ट्रॉली जोडावी. दोन्ही टायर एकाच मापाचे असावेत व त्यांतील हवा सारखी असावी. ट्रॉलीच्या तळाची जमिनीपासूनची उंची पुढे व मागे टेपने मोजावी. दोन्ही मापे सारखी असावीत. पुढची बाजू किंचित खाली असली तरी चालते, वर असू नये.

हुकावरील भार भुईकाट्यावर कळतो. प्रथम सुट्या ट्रॅक्टरचे वजन करावे. नंतर ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चाके काट्यावर घ्यावीत. दोन वजनांतील फरक म्हणजे हुकावरील भार. यासाठी काट्याबाहेरील जमीन काट्याच्या पातळीत असणे आवश्यक आहे. हा भार ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेपेक्षा जास्त नसावा.

पातळी चुकल्यास ट्रॉलीच्या हुकाची प्लेट वर किंवा खाली बसवून ती सुधारावी. ट्रॅक्टरकडील जोडणी उंचावणे हा उपाय नव्हे. टॉप लिंकला किंवा आखाच्या घराला साखळी बांधून ओढल्यास ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

पुढे फिरता आख असलेल्या चार चाकी ट्रॉलीचा भार हुकावर जवळजवळ येत नाही. त्यामुळे वरील हिशेब दोन चाकी ट्रॉलीपुरताच आहे.

ब्लोअरची पातळी आणि कीड नियंत्रण

द्राक्षबागेत फुलकिडे व तुडतुडे कोवळ्या फुटीवर असतात, तर पिठ्या ढेकूण सालीखाली व घडांत लपतो. फवारा नेमक्या जागी पोहोचला नाही, तर चांगले कीटकनाशकही निष्फळ ठरते.

आडवी पातळी : चाकांतील अंतर १.२ मीटर असताना एक चाक १० सेंटिमीटर खोल सरीत गेले, तर यंत्र सुमारे ५ अंश कलते. १.४ मीटरवरील वेलींवर फवारा एका बाजूला १२ सेंटिमीटर वर, तर दुसऱ्या बाजूला तेवढाच खाली जातो. एका ओळीवर कीड टिकून राहण्याचे हे एक कारण असू शकते.

उभी पातळी : दीड मीटर लांब, एक मीटर उंच, सरळ बाजूंची टाकी अर्धी भरलेली असून ५ अंश पुढे झुकलेली असेल, तर पुढच्या टोकावरील खुणा सुमारे साडेसहा सेंटिमीटर जास्त पाणी दाखवतात. ५०० लिटर पाणी ५६५ लिटर समजून औषध टाकले जाते व द्रावण १३ टक्के तीव्र होते. याचा परिणाम फुटीवर करप, वाढीव खर्च आणि अवशेषांचा धोका या रूपांत दिसतो. शिवाय उपसा नळी उंच बाजूला असल्यास तळाचे द्रावण टाकीतच राहते.

ब्लोअर खालच्या लिंकमधील आडव्या पट्टीला जोडला असेल, तर हायड्रॉलिकच्या हालचालीने पातळी बदलते. योग्य उंची ठरवून लिंक तेथेच ठेवाव्यात व पट्टी डोलू नये म्हणून साखळ्या ताठ कराव्यात. पीटीओ शाफ्ट शक्य तितका सरळ राहावा व त्यावरील आवरण कधीही काढू नये. भरलेल्या व रिकाम्या, अशा दोन्ही टाक्यांसह पातळी तपासावी.

लक्षात ठेवण्याजोगे

• पातळी नेहमी भरलेल्या ट्रॉलीची पाहावी.
• भार आखाच्या किंचित पुढे ठेवावा. मागे लोंबणारा माल टाळावा.
• पिनेला लॉक व जोडीला सेफ्टी चेन असावी.
• औषध मोजण्यापूर्वी ब्लोअर सपाट जागी उभा करावा.
• हंगामाच्या प्रारंभी व टायर बदलल्यावर मापे पुन्हा घ्यावीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील प्रात्यक्षिकात फवारणीपूर्वी केवळ टेप व गवंड्याची लेव्हल वापरून ही तपासणी करून दाखवावी. तिला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.