बुश लहान, जबाबदारी मोठी

धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. एक सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा 52 क्रमांकाचा आणि दुसरा नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा 65 क्रमांकाचा. या रस्त्यांच्या कडेला आमच्या बांधवांची गॅरेजेस आहेत. जीप, ट्रॅक्स, टेम्पोचे पाटे उतरवून बुश बसवणे हे त्यांच्या हातचे काम. पण आता जुन्या बाजारातून घेतलेल्या वेगवान मोटारीही त्यांच्या दारात येऊ लागल्या आहेत. पाट्याचा अनुभव तेथे पुरत नाही. म्हणून या कामाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

तक्रार बहुधा ठरलेली असते. मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात किंवा सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडे राहते. गिऱ्हाईक नवे टायर टाकते आणि काही महिन्यांत तेही जातात. दोष टायरचा नसून चाकाच्या कोनाचा असतो. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली, की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात. बुशचे रबर फाटले तरी चाक जागा सोडते.

अशा वेळी समायोजन करता येणारा बुश कामी येतो. त्याचे भोक मध्यभागी नसून किंचित बाजूला असते. बुश फिरवला, की आर्मची लांबी बदलते आणि चाक सरळ होते. भोक मध्यापासून 2 मिमी बाजूला असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 4 मिमीची सोय मिळते. वरच्या आणि खालच्या सांध्यांत 200 मिमी अंतर असेल, तर वरचा आर्म 2 मिमी सरकल्याने चाकाचा झुकाव सुमारे अर्धा अंश बदलतो. म्हणून येथे अंदाजाने काम करून चालत नाही.

पहिला प्रश्न, हा बुश या गाडीला चालतो का? मारुती स्विफ्ट किंवा फोक्सवॅगन पोलोच्या मागे एकच वळणारा दांडा असतो. त्यात आर्मचा बुश फिरवून कोन बदलण्याची सोय नाही. होंडा सिव्हिक किंवा आपल्या मराठवाड्यातच शेंद्रा येथे जोडणी झालेली स्कोडा लॉरा यांना मागे स्वतंत्र आर्म आहेत. काही गाड्यांत कंपनीनेच कॅम बोल्ट दिलेले असतात. आधी ते फिरवून पाहावे. तेवढ्यात काम भागले, तर गिऱ्हाईकाला बुशच्या खर्चात पाडू नये.

काम सुरू करण्यापूर्वी अलाइनमेंट मशीनवर चारही चाकांचे माप घेऊन कागद जपून ठेवावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. मजबूत घोडी लावावी. जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा रंगाने खुणावून ठेवावी, कारण काही बुशच्या रबरात पोकळी असते आणि ती ठरलेल्या बाजूलाच यावी लागते. बुश जाळून काढण्याची सवय सोडून द्यावी. त्याचा धूर घातक असतो आणि आर्म अॅल्युमिनियमचा असेल तर उष्णतेने तो कमजोर होतो. प्रेस वापरावा. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, नट आणि योग्य मापाचे पाइपचे तुकडे घेऊन खेचावा. नवा बुश बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यावा, मधल्या नळीवर नव्हे.

सर्वांत मोठी चूक बोल्ट आवळताना होते. साध्या रबरी बुशमध्ये रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेले असते. चाक लटकलेले असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि तसेच राहते. असा बुश लवकर फाटतो, मग दोष मालाला दिला जातो. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावावा. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर, ती नेहमीच्या उंचीवर असताना, टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाइतका आवळावा. एकदाच वापरायचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पॉलियुरेथेनचा बुश आत फिरतो. त्याला सोबत आलेले किंवा सिलिकॉनचे ग्रीस लावावे, अन्यथा तो कुरकुरतो. हा बुश कडक असतो, खराब रस्त्यावर धक्के जास्त लागतात. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदलावेत. झुकाव बदलला की चाकाची पुढे-मागे असणारी दिशाही बदलते, म्हणून शेवटी पुन्हा अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी देऊ नये. थोडी धावल्यावर तिला परत बोलावून बोल्ट तपासावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. बुश बदलणे वेगळे आणि गाडीचे रूपच पालटणे वेगळे, याची जाणीव ठेवावी.

आमच्या तरुणांना आम्हाला हेच सांगावयाचे आहे. हात चांगला आहे, पण हातासोबत माप हवे. गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, तिच्यात एक कुटुंब बसून महामार्गावर जाणार आहे. मजुरी आणि मालाचा भाव आधी वेगवेगळा सांगा. जुना बुश गिऱ्हाईकाच्या हाती द्या. आधीचा आणि नंतरचा मापाचा कागद शेजारी शेजारी दाखवा. तोच कागद पाहून ते गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी सोलापूरला न जाता तुमच्याच दारी येईल.