बहुमॉड्यूल मेव्हन प्रकल्प

बहुमॉड्यूल मेव्हन प्रकल्प ही जावा भाषेतील मोठी आज्ञावली लहान, परंतु परस्परांशी जोडलेल्या भागांत विभागून बांधण्याची पद्धत होय. या भागांना मॉड्यूल म्हणतात. मेव्हन हे अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचे बांधणी-साधन असून त्याची दुसरी आवृत्ती २००५ साली प्रसिद्ध झाली.

रचना

प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये पॉम.एक्सएमएल ही फाइल असते. तिच्यात पॅकेजिंगचा प्रकार 'पॉम' असा नोंदवून मॉड्यूलांची यादी दिलेली असते. ही पालक फाइल होय. तिच्या जोडीला जावा कोड नसतो. ग्रंथालयाच्या आज्ञावलीचे उदाहरण घेतल्यास 'गाभा' या मॉड्यूलमध्ये पुस्तक व सभासद यांच्या व्याख्या, 'साठवण'मध्ये डेटाबेसशी होणारा व्यवहार आणि 'वेब'मध्ये वाचकाला दिसणारी पाने ठेवता येतील. प्रत्येक मॉड्यूलचे फोल्डर स्वतंत्र असते. त्यातील पॉम फाइलमध्ये पालकाचा उल्लेख करतात आणि ते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे हेही लिहितात. बाहेरील लायब्ररींच्या आवृत्त्या पालक फाइलच्या 'डिपेन्डन्सी मॅनेजमेंट' भागात एकदाच नोंदवणे इष्ट. अन्यथा एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या प्रकल्पात शिरतात.

बांधणीचा क्रम मेव्हनमधील 'रिअॅक्टर' ठरवतो. यादीत 'वेब' आधी लिहिले, तरी 'गाभा' प्रथम बांधला जातो. मात्र 'गाभा' उलट 'साठवण'वर अवलंबून ठेवला, तर चक्र निर्माण होऊन बांधणी थांबते. अशा वेळी दोघांना लागणारा कोड तिसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवावा लागतो.

आयडीईमधील मांडणी

इंटेलिजे आयडियामध्ये मुख्य फोल्डरातील पॉम फाइल उघडून ती प्रकल्प म्हणून स्वीकारली, की सर्व मॉड्यूल आपोआप ओळखली जातात. एक्लिप्समध्ये 'एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स' या पर्यायाने तेच साधते. तेथे प्रत्येक मॉड्यूल वेगळा प्रकल्प म्हणून दिसते, हा केवळ परिभाषेचा भेद आहे.

नवशिक्यांची फसगत बहुधा दोन ठिकाणी होते. एक म्हणजे, मॉड्यूलांमधील संबंध पॉम फाइलऐवजी आयडीईच्या सेटिंगमध्ये जोडणे. त्या संगणकावर आज्ञावली चालते. सहकाऱ्याच्या संगणकावर किंवा कमांड लाइनवर बांधणी फसते, आणि पॉम पुन्हा वाचली जाताच ती जोडणीही पुसली जाऊ शकते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. केवळ 'वेब'चे फोल्डर उघडल्यास 'गाभा'ची पूर्वी तयार झालेली जार फाइल '.एम२' या स्थानिक भांडारातून घेतली जाते. मग 'गाभा'त केलेली दुरुस्ती 'वेब'मध्ये दिसत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही, आणि निर्दोष कोडमध्ये दोष शोधण्यात वेळ जातो. त्यासाठी प्रकल्प नेहमी मुख्य फोल्डरापासून उघडावा. ते शक्य नसल्यास दुरुस्तीनंतर 'एमव्हीएन इन्स्टॉल' ही आज्ञा तेथून चालवावी.

जावा ९ मध्ये, २०१७ साली, भाषेतच आलेली मॉड्यूल-व्यवस्था याहून निराळी आहे. ती मॉड्यूल-इन्फो.जावा या फाइलवर चालते आणि मेव्हनच्या मॉड्यूलांसाठी तिची आवश्यकता नसते.