पहिला गळ टाकण्यापूर्वी

गावाबाहेरच्या डोहाकाठी गळ टाकून बसलेला मनुष्य तुम्ही पाहिला असेल. गळाला गांडूळ लावावे, दोरी पाण्यात सोडावी आणि स्वस्थ वाट पाहावी, एवढाच त्याचा खटाटोप. परंतु जगात अशीही एक जागा आहे, की जेथे गळाला गांडूळ लावण्यास मनाई आहे. जेथे मूळच्या जातीचा मासा हाती आला, तर तो पुन्हा पाण्यात सोडावाच लागतो. आणि जेथे एका सरोवरात एका जातीचा मासा मिळाल्यास तो जिवंत सोडणे हाच नियमभंग ठरतो! ही जागा म्हणजे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. तेथे प्रथमच मासे धरण्यास जाणाऱ्याने कोणती तयारी करावी, ते पाहू.

या उद्यानाची स्थापना 1 मार्च 1872 रोजी झाली. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखले जाते. त्याचा विस्तार सुमारे 9,000 चौरस किलोमीटर असून बहुतेक भाग वायोमिंग राज्यात आहे. बर्फाच्छादित पर्वत, उकळत्या पाण्याची कारंजी आणि थंडगार नद्या एकाच परिसरात नांदतात. येथे पशुपक्ष्यांच्या शिकारीस बंदी आहे. मासे धरण्यास मात्र नियमांच्या चौकटीत मुभा आहे.

पहिली तयारी साधनांची. ट्राउट जातीचे मासे पाण्यातील व पाण्यावरील कीटक खातात. म्हणून पिसे, केस व दोरा गळाभोवती गुंडाळून कीटकासारखी दिसणारी कृत्रिम माशी तयार करतात. ही माशी इतकी हलकी असते, की ती दगडाप्रमाणे भिरकावता येत नाही. तिला वाहून नेते ती जाड, वजनदार दोरी. लवचीक काठी प्रथम मागे न्यावी, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे आणि मग काठी पुढे आणावी. दोरीच्या टोकाशी बारीक पारदर्शक धागा असतो, त्यामुळे माशी अलगद पाण्यावर उतरते. प्रवाहात मासे अन्नाची वाट पाहत वरच्या अंगाला तोंड करून राहतात. म्हणून माशी त्यांच्या वर टाकून प्रवाहाबरोबर सहज वाहू द्यावी. मनगटाच्या जोरापेक्षा येथे धीर अधिक कामास येतो. घरच्या अंगणात आठ-पंधरा दिवस सराव करून निघणे शहाणपणाचे.

दुसरी तयारी काळाची. मासेमारीचा हंगाम साधारणतः मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतो व ऑक्टोबरअखेर संपतो. पण नदीचे मन ओळखल्याशिवाय दिवस ठरवू नये. जूनमध्ये बर्फ वितळून लामार नदी गढूळ होऊन धावते; तिचे पाणी जुलैत निवळते. फायरहोल नदीचे नेमके उलट आहे. तिच्यात उष्ण झऱ्यांचे पाणी मिसळत असल्याने ती जूनमध्ये सुखद असते आणि भर उन्हाळ्यात माशांना असह्य होते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. सुमारे 20 अंश सेल्सियसच्या वर गेलेल्या पाण्यात झुंजून थकलेला ट्राउट सोडून दिला तरी दगावण्याचा संभव असतो. म्हणून अशा दिवसांत काही नद्यांवर दुपारनंतर गळ टाकू देत नाहीत.

तिसरी तयारी नियमांची. 16 वर्षे व त्यांवरील प्रत्येकास उद्यानाचा परवाना घ्यावा लागतो. त्याहून लहान मुलांना परवानाधारक मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली विनामूल्य मासे धरता येतात. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा लागतो. म्हणजे तो माशाच्या तोंडातून इजा न करता निघतो. शिशाची वजने चालत नाहीत, कारण शिसे पक्ष्यांच्या पोटात गेले तर विषारी ठरते. नमद्याच्या तळव्यांचे बूटही वर्ज्य आहेत. त्यांच्या ओलाव्यातून एका नदीतील घातक जीव दुसऱ्या नदीत पोहोचतात. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. अस्वल व लांडगा यांच्यापासून निदान 91 मीटर दूर राहावे, हेही विसरू नये.

इतके नियम कशासाठी, असे तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर यलोस्टोन सरोवर देते. या सरोवरात कटथ्रोट ट्राउट हा मूळचा मासा राहतो. त्याच्या जबड्याखाली तांबूस रेघ असते. जणू गळ्यावर सुरीच फिरली आहे! म्हणून त्याचे नाव ‘गळा चिरलेला’ अशा अर्थाचे पडले. अंडी घालण्यास तो उथळ ओढ्यांत चढतो आणि तेथे अस्वले, पाणमांजरे व शिकारी पक्षी यांचे पोट भरतो.

1994 साली याच सरोवरात लेक ट्राउट हा परका मासा आढळला. तो कोणीतरी परवानगीवाचून आणून सोडला असावा, असे मानतात. हा मोठा मासा कटथ्रोटांना खातो. शिवाय स्वतः खोल पाण्यात राहून सरोवरातच अंडी घालतो. त्यामुळे कटथ्रोट घटले आणि अस्वलांना व पक्ष्यांना त्यांच्या बदली लेक ट्राउट काही सहज मिळेनात. एका माशाच्या आगमनाने डोंगरावरच्या अस्वलाचे ताट रिकामे झाले! तेव्हापासून उद्यानाने जाळी लावून 40 लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले. कटथ्रोटांची संख्या पुन्हा वाढू लागली आहे. पण हे काम अजून संपलेले नाही. म्हणूनच या सरोवरात कटथ्रोट धरला तर सोडलाच पाहिजे आणि लेक ट्राउट धरला तर मारलाच पाहिजे. दया आणि कठोरता ही दोन्ही येथे ज्ञानातून येतात.

सरोवराच्या मुखाशी एक लाकडी पूल आहे. त्याचे नावच मुळी ‘फिशिंग ब्रिज’, म्हणजे मासेमारीचा पूल. एके काळी त्याच्या कठड्याशी गळ टाकणाऱ्यांची दाटी होत असे. कटथ्रोट घटू लागले, तेव्हा 1973 साली पुलावरून मासे धरणे बंद करण्यात आले. आज तेथे लोक कठड्यावरून वाकून पाण्यातील मासे पाहतात. हातात काठी नसते, तरी डोळ्यांतील कुतूहल तेच असते.

मुलांनो, पाहुण्याने दुसऱ्याच्या घरी जाताना त्या घराची रीत जाणून घ्यावी, असे आपली वडील मंडळी सांगतात. नदी हे माशाचे घर आहे. तेथे पहिला गळ टाकण्यापूर्वी त्या घराची रीत जो शिकतो, त्याची टोपली सायंकाळी रिकामी असली, तरी तो रिक्त हस्ताने परतत नाही.