टोपी घातलेली गाडी

क्रीडांगणाच्या हिरवळीवर वाहनाला सहसा मज्जाव असतो. रोलर, गवत कापण्याचे यंत्र किंवा जखमी खेळाडूला बाहेर नेणारी गाडी यांना आत सोडले जाते, ते त्यांच्यावाचून चालत नाही म्हणून. या गंभीर मंडळींत एक निराळी जात मात्र अधूनमधून आढळते. नेमून दिलेले काम करीत असतानाच प्रेक्षकांना हसविणे, हेही या वाहनांचे कर्तव्य असते. अशा वाहनांचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर घडला.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाज षटक संपताच विसावा घेतो व पुन्हा चेंडू हाती घेतो. बेसबॉलचा पिचर एकदा बदलला की त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्याच्या जागी येणारा पिचर ‘बुलपेन’ नावाच्या राखीव जागेत हात मोकळा करीत थांबलेला असतो. अनेक मैदानांवर ही जागा सीमेच्या कुंपणाजवळ किंवा त्याच्याही पलीकडे असते. तेथून मधल्या मातीच्या उंचवट्यापर्यंत येण्यास शंभर मीटरच्या आसपास चालावे लागते. एका सामन्यात तीन-चार वेळा पिचर बदलला, तर प्रेक्षकांना तितक्या वेळा नुसते ताटकळत बसावे लागे. 1950 मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने (त्या वेळी तो इंडियन्स या नावाने ओळखला जाई) या कामासाठी एक छोटी लाल मोटार आणली. बुलपेन-गाडीचा आरंभ येथून मानला जातो.

या गाडीत अद्याप विनोद नव्हता. तो आणला न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने. 1967 मधील त्यांच्या गाडीचा सांगाडा गोल्फच्या मैदानावर वापरतात त्या बुटक्या गाडीचा होता. तिचे अंग पांढऱ्या चेंडूसारखे गोलाकार, छपराच्या जागी संघाची भलीमोठी निळी टोपी आणि ती टोपी तोलून धरणारे खांब म्हणजे बेसबॉलच्या बॅटी! पाहणाऱ्याला एक टोपीधारी चेंडू मैदानात घरंगळत येत असल्याचा भास होई.

ही कल्पना वाटते तितकी पोरकट नाही. टोपीचा पुढे आलेला कडा उन्हापासून आडोसा देतो. म्हणजे तो टोपीत जे काम करतो तेच येथेही करतो. छताला आधार हवाच असतो, आणि बॅट मुळातच लांब, गोल व मजबूत वस्तू आहे. दोन्ही बाजू उघड्या असल्याने बुटांच्या तळाला खिळे असलेला खेळाडू न अडखळता उतरू शकतो. विनोदासाठी चिकटविलेला भाग येथे जवळजवळ नाही. जे अवयव गाडीला लागणारच होते, त्यांनीच सोंग घेतले आहे. चांगल्या गमतीदार वाहनाची ही पहिली खूण म्हणता येईल. वाईट नमुन्यांत साध्या गाडीवर एखादा पुतळा बसविलेला असतो. तो वाऱ्याने डगमगतो, चालकाची नजर अडवितो आणि दुसऱ्यांदा पाहताना हसूही आणत नाही.

सांगाडा गोल्फच्या गाडीचा असणे, हेही सोयीचे होते. चाकाखालच्या जमिनीवर पडणारा दाब स्थूलमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतकाच असतो. म्हणून हिरवळीवर जाणाऱ्या गाडीचे टायर रुंद व कमी दाबाचे ठेवतात. वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते व गवताच्या मुळांना इजा पोहोचत नाही. वरचे कवच जड झाले तर हा लाभ वाया जातो. शिवाय भार जितका वर चढेल तितका वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून टोपी कितीही मोठी दिसली तरी ती हलकी व पोकळच असावी लागते.

तथापि यंत्राचे सारे प्रश्न सुटले तरी एक प्रश्न उरतो, तो प्रवाशाचा. पिचरला बोलावले जाते ते बहुधा संघ अडचणीत असताना. हजारो डोळे त्याच्यावर खिळलेले असतात आणि अशा क्षणी त्याला टोपीखाली बसवून आणावयाचे! सिअ‍ॅटल हे बंदराचे शहर आणि तेथील संघाचे नाव मरिनर्स, म्हणजे नाविक. या नात्याला धरून 1982 मध्ये संघाने जहाजे ओढणाऱ्या बोटीच्या आकाराची गाडी बनविली. कल्पना स्थानाला शोभणारी होती, पण पिचरांना ती रुचली नाही. बिल कॉडिल या पिचरने तिची किल्लीच लपवून ठेवली आणि बोट मैदानात अडकून पडली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यातील थट्टा सोडली तरी तक्रार खरी होती. वाहनाला हसणे आणि वाहनातील माणसाला हसणे यांतील अंतर फार थोडे असते.

मिलवॉकीच्या ब्रुअर्स संघाने ते अंतर बरोबर ओळखले होते. हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली बनविणारी कंपनी त्याच शहरातली. संघाने तिचीच, बाजूला प्रवाशाची डोली जोडलेली मोटारसायकल वापरली. तिच्यात गंमत होती, शहराचा अभिमान होता आणि डोलीत बसणारा खेळाडू केविलवाणा दिसत नव्हता. 1995 पर्यंत ती चालली. त्यानंतर अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धांतून बुलपेन-गाडी नाहीशी झाली. जपानमध्ये मात्र ती टिकली.

प्रवाशाचा प्रश्न लंडनमध्ये अगदी वेगळ्या मार्गाने सुटला: प्रवासीच वगळण्यात आला. 2012 च्या ऑलिंपिकमध्ये थाळी, हातोडा व भाला फेकल्यानंतर ते परत आणण्यासाठी मिनी मोटारीच्या पाव आकाराच्या, दुरून रेडिओने चालविल्या जाणाऱ्या विजेरी गाड्या होत्या. पुरुषांचा हातोडा 7.26 किलोग्रॅमचा असतो व तो सत्तर-ऐंशी मीटरवर जाऊन पडतो. प्रत्येक फेकीनंतर तो उचलून आणणे कष्टाचे काम आहे. अधिकारी गाडीच्या उघड्या छपरातून तो आत ठेवीत आणि गाडी हिरवळीवरून तुरुतुरु परत येई. हातोड्याला मानापमान नसतो. ऑलिंपिकच्या मैदानात जाहिरातीला बंदी असते आणि या गाड्यांवर कंपनीचे चिन्ह नव्हते. परंतु आकारच जगाच्या ओळखीचा असल्याने चिन्हाची गरजही नव्हती. ही पळवाट होती की चातुर्य, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली.

मैदानातील वाहन गमतीचे असो वा नसो, त्याचा मार्ग खेळाडूंच्या मार्गापासून दूर राखावा लागतो. 27 ऑगस्ट 2015 रोजी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत 200 मीटरची शर्यत जिंकून उसेन बोल्ट प्रेक्षकांना अभिवादन करीत होता. त्याच्यामागून दोन चाकांच्या, तोल सांभाळणाऱ्या सेगवेवर उभा असलेला छायाचित्रणकार येत होता. चाक कडेच्या पट्टीला अडखळले व तो थेट बोल्टच्या पायांवर आदळला. सुदैवाने गंभीर दुखापत झाली नाही. दोन चाकांची ती युक्ती सपाट वाटेवर उत्तम चालते. मैदानाच्या कडेला मात्र रूळ, तारा आणि पट्ट्या असतात.

2018 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या डायमंडबॅक्स संघाने बुलपेन-गाडी पुन्हा आणली. त्या वेळी सामने लांबत असल्याची ओरड होतीच. पुढे 2023 मध्ये प्रत्येक फेकीला घड्याळ लावण्यात आले. गाडी दाराशी सज्ज असे, तरी बहुतेक पिचर तिच्या शेजारून धावतच मैदानात जात. मेट्सच्या 1967 मधील टोपीवाल्या गाडीला मात्र 2015 च्या लिलावात 1,12,500 डॉलर मिळाले होते.